जाणत्या स्वप्नांसाठी दिव्यांची पट्टी : अकरा आठवड्यांच्या वापरानंतर

स्वप्न चालू असतानाच आपण स्वप्नात आहोत हे कळणे, याला इंग्रजीत लुसिड ड्रीम म्हणतात. इथे मी त्याला जाणते स्वप्न म्हणेन. असे स्वप्न घडवून आणण्याचे आश्वासन देणारी, आतून लाल दिवे बसवलेली डोळ्यांवरची पट्टी मी फेब्रुवारीच्या शेवटी ऑनलाइन मागवली आणि अकरा आठवडे वापरली. किंमत ६,४०० रुपये. विक्रेत्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण अगदी याच घडणीच्या पट्ट्या मला दोन-तीन निरनिराळ्या नावांनी विकायला ठेवलेल्या दिसल्या. माझे मत आधीच सांगून टाकतो : ही पट्टी निरुपयोगी नाही, परंतु नवशिक्याने पहिल्या दिवशी घ्यावी अशी ती वस्तू नव्हे, आणि तिच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेला सर्वांत मोठा दावा माझ्या घरी तरी खोटा ठरला.

वस्तू म्हणून ती बरी आहे. बाहेरून काळे मऊ कापड, आत स्पंज आणि डोळ्यांच्या जागी खोलगट वाट्या असल्यामुळे पापण्यांवर दाब येत नाही. नाकाजवळून उजेड आत शिरत नाही, हे आमच्यासारख्या दांडिया बाजारात रस्त्याकडेच्या खोलीत झोपणाऱ्याला मोलाचे वाटते. प्रत्येक वाटीत दोन लाल एलईडी आहेत, बाजूला तीन बटणे आहेत आणि मोबाइलच्याच चार्जरने ती चार्ज होते. मार्चअखेरपर्यंत तिचा त्रास जाणवला नाही, मात्र एप्रिलच्या मध्यानंतर बडोद्याच्या उकाड्यात, पंखा पाचवर ठेवूनही, स्पंज घामाने ओला होऊ लागला आणि सकाळी कपाळावर पट्टीच्या कडेचा वळ दिसू लागला. मागचे इलॅस्टिक पाचव्या आठवड्यात सैल पडले. मंगळबाजारातल्या एका शिंप्याने वेल्क्रोचा तुकडा लावून दिला आणि हे कशासाठी म्हणून विचारले. मी डोळे दुखतात असे सांगितले.

पट्टीमागची कल्पना भोंदूपणाची नाही, हे आधी नीट सांगायला हवे. शिकागो विद्यापीठात १९५३ मध्ये अ‍ॅसरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतला असा टप्पा नोंदवला की ज्यात बंद पापण्यांखाली बुबुळे वेगाने हलतात. ठळक आणि कथानक असलेली स्वप्ने बहुतांशी याच टप्प्यात पडतात आणि त्याला आरईएम झोप म्हणतात. झोप साधारण ९० मिनिटांच्या आवर्तनांनी चालते आणि रात्र सरत जाते तसा प्रत्येक आवर्तनातला हा टप्पा लांबत जातो. आपण जिला साखरझोप म्हणतो ती याच टप्प्याने भरलेली असते, म्हणजे तिला नाव देणाऱ्यांनी यंत्राशिवायच बरेच ओळखले होते. या टप्प्यात हातापायांचे स्नायू जवळजवळ लुळे पडतात, पण डोळे मोकळे राहतात. याचाच उपयोग करून इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी १९७५ मध्ये अ‍ॅलन वर्स्ली यांच्याकडून झोपेतून खूण मिळवली : स्वप्नात आहोत हे कळताच वर्स्ली यांनी आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवले आणि ती हालचाल आलेखावर उमटली. त्यानंतर काही वर्षांत अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच सिद्ध केले आणि पुढे बुबुळांची हालचाल टिपून दिवे लावणारी उपकरणेही तयार केली. आजच्या पट्ट्या त्याच वंशातल्या आहेत. दिवे इतके मंद असावेत की झोप मोडू नये, पण इतके ठळक असावेत की स्वप्नात लाल उजेड शिरावा आणि स्वप्न पाहणाऱ्याने तो खूण म्हणून ओळखावा, एवढेच त्यांचे काम.

आता दाव्याकडे येतो. खोक्यावर लिहिले आहे की आतला सेन्सर बुबुळांची हालचाल ओळखून योग्य वेळीच दिवे लावतो. पहिल्या तीन आठवड्यांत मला काहीच अनुभव आला नाही, तेव्हा दोष माझाच असावा असे मी धरून चाललो. चौथ्या आठवड्यात एका रविवारी पट्टी चालू करून जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि घरची कामे करत राहिलो. बरोबर साडेचार तासांनी, सौ. भाजी निवडत असताना, टेबलावर पडलेल्या पट्टीत लाल दिवे लुकलुकू लागले आणि पुढे दर २० मिनिटांनी लुकलुकत राहिले. म्हणजे आत सेन्सर असला तरी तो कामाचा नाही. प्रत्यक्षात जे चालते ते साधे टायमर. टेबलालाही स्वप्न पडत असेल तर माझी काही तक्रार नाही. विक्रेत्याला मी हा प्रकार चित्रफितीसह कळवला. उत्तर सहा दिवसांनी आले आणि त्यात परत करण्याची १५ दिवसांची मुदत संपल्याचे तेवढे नमूद केले होते, सेन्सरबद्दल अक्षरही नव्हते.

तरीही टायमरचा उपयोग होतो. आपण किती वाजता झोपतो हे ठाऊक असेल तर साखरझोपेच्या वेळेला दिवे लागतील अशी मांडणी हाताने करता येते, आणि सेन्सरचे सोंग नसते तर हीच पट्टी मी हजार-दीड हजारांत आनंदाने घेतली असती.

दिवे स्वप्नात खरोखर शिरतात, पण लाल दिवे म्हणून क्वचितच. माझ्या स्वप्नात ते एकदा फतेगंजजवळ थांबलेल्या मोटारींचे मागचे दिवे होऊन आले, एकदा नवरात्रातल्या गरब्याच्या मैदानावरची रोषणाई होऊन आले आणि एकदा आत्याच्या घरच्या देव्हाऱ्यातला दिवा फडफडू लागला. तिन्ही वेळा मी त्या दृश्यात मजेत वावरत राहिलो आणि ही खूण आहे हे जागे झाल्यावर वहीत लिहिताना लक्षात आले. सोबतच्या पुस्तिकेत या मुद्द्यावर दोन ओळी आहेत. वास्तविक सगळी पुस्तिका त्यावरच असायला हवी होती. मन बाहेरचा उजेड कथेत गुंडाळून टाकते, आणि दिवसा सराव केलेला नसेल तर हवे तितके दिवे लावा, स्वप्न पाहणारा जागच्या जागी त्यांचा काही ना काही खुलासा करून मोकळा होतो.

हा दिवसाचा सराव पट्टीबरोबर मिळत नाही आणि त्याला पैसेही पडत नाहीत. माझा सराव तीन गोष्टींचा होता. पहिली, उशाशी वही : जाग येताच, कूस न बदलता, जे आठवेल ते मनात घोळवायचे आणि मग लिहायचे. पहिल्या आठवड्यात मला सात दिवसांत दोन स्वप्ने आठवली, पाचव्या आठवड्यापर्यंत जवळजवळ रोज एक. दुसरी गोष्ट म्हणजे दिवसातून आठ-दहा वेळा, आपण जागे आहोत की स्वप्नात, याची खरोखर शंका घेऊन पडताळणी करायची. नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहणे ही प्रसिद्ध युक्ती आहे, कारण स्वप्नात पुष्कळदा नाक दाबूनही श्वास चालू राहतो, पण रावपुऱ्यात भर गर्दीत नाक दाबून उभे राहणे मला जमले नाही. मी पाट्या वाचण्याची पद्धत घेतली. स्वप्नातला मजकूर एकदा वाचून नजर हटवली आणि पुन्हा वाचला तर बहुधा बदललेला असतो, म्हणून घरापासून खंडेराव मार्केटपर्यंत जाताना मी रोज चार-पाच दुकानांच्या गुजराती पाट्या दोन-दोनदा वाचत असे.

तिसरी गोष्ट सर्वांत कष्टाची आणि सर्वांत फलदायी. अकरा वाजता झोपून पहाटे साडेचारला उठायचे, अर्धा तास जागे राहायचे, त्या वेळात वहीतले जुने स्वप्न वाचून त्याच्यात आपण कुठे ओळखायला हवे होते ते ठरवायचे आणि पुन्हा झोपताना 'पुढच्या स्वप्नात मला आठवेल की हे स्वप्न आहे' हे वाक्य अर्थ लक्षात ठेवून मनात म्हणत राहायचे. हा संकल्पाचा प्रकार लाबर्ज यांचाच. ऑस्ट्रेलियात डेनहोम अ‍ॅस्पी यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पडताळणी, मध्येच उठणे आणि संकल्प या तिन्ही गोष्टी करणाऱ्यांना आठवडाभराच्या प्रयत्नांत सुमारे १७ टक्के यश आले, आणि संकल्पानंतर पाच मिनिटांच्या आत ज्यांना झोप लागली त्यांच्यात ते प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास गेले. पहाटे उठून मोबाइल पाहत बसणाऱ्याला ही पाच मिनिटांची अट कधीच पाळता येणार नाही, हे अनुभवाने सांगतो.

पहिले जाणते स्वप्न सातव्या आठवड्यात पडले, आणि त्या पहाटे पट्टी चार्जिंगला लावलेली होती. मी सुरसागरच्या काठाने चाललो होतो. समोर एका फरसाणाच्या दुकानाची पाटी गुजरातीत होती. सवयीने वाचली, नजर पाण्याकडे नेली, परत पाहिले तर त्याच अक्षरांवर शिरोरेषा आलेली. गुजरातीला शिरोरेषा नसते, हे बडोद्यात वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. क्षणभर मी पाटी रंगवणाऱ्यालाच नावे ठेवली आणि मग एकदम कळले. छातीत धडधड सुरू झाली, दृश्य फिकट होऊ लागले, तेव्हा वाचलेले आठवून मी दोन्ही तळवे एकमेकांवर घासले. तळव्यांची ऊब स्पष्ट जाणवली आणि दृश्य पुन्हा स्थिर झाले. मग सर्वांना करावेसे वाटते तेच मी केले, म्हणजे उडालो. विजेच्या तारांपर्यंत पोहोचलो आणि स्वप्न आहे हे पक्के माहीत असूनही तारांना लागू नयेत म्हणून पाय आखडून घेतले. तिथेच जाग आली. घड्याळाप्रमाणे सहाला दहा मिनिटे कमी होती.

त्यानंतरच्या चार आठवड्यांत आणखी तीन अशी स्वप्ने पडली, त्यांपैकी एकच पट्टीमुळे. त्यात बँकेच्या रांगेत उभा असताना सगळ्यांच्या शर्टांवर लाल उजेड लुकलुकला आणि मी ओळखला. म्हणजे एकूण चारांत एक. त्या एकाची किंमत ६,४०० रुपये आणि सौ.च्या काही मोडलेल्या झोपा, कारण सर्वांत प्रखर पातळीवर दिवे पट्टीच्या कडेतून बाहेर दिसतात. एका पहाटे तिने मला हलवून उठवले आणि म्हणाली, "अहो, तुमच्या कपाळावर दिवाळी चालली आहे, मला सहाला उठायचे आहे."

दोन गोष्टी पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आहेत, त्या पहिल्या पानावर हव्या होत्या. लुकलुकत्या उजेडाने ज्यांना फेफरे येऊ शकते त्यांनी ही पट्टी वापरू नये. तसेच वारंवार मध्येच उठण्याने काहींना जाग आल्यावर अंग हलवता न येण्याचा अनुभव येतो. मला तो एकदा आला, दाराशी कोणी उभे आहे असा भासही झाला. आरईएम झोपेतला स्नायूंचा लुळेपणा जाग आल्यावरही काही क्षण टिकून राहिला की असे होते, हे आधी वाचलेले होते म्हणूनच मी घाबरलो नाही. पाळ्यांत काम करणाऱ्यांनी, निद्रानाश असलेल्यांनी किंवा मानसिक आजारावर उपचार चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

घ्यायचीच असेल तर आधी दोन महिने वही आणि पडताळणी करून पाहावी, स्वप्ने रोज आठवू लागली की मग विचार करावा, आणि वस्तू हातात येताच पहिल्याच दिवशी ती चालू करून टेबलावर ठेवावी, म्हणजे परत करण्याची मुदत शिल्लक असतानाच खरे काय ते कळेल. मी सध्या ती फक्त शनिवारी रात्री बांधतो : उजेड सर्वांत मंद, पहिले दिवे झोपल्यापासून साडेसहा तासांनी, आणि अंथरुणाच्या भिंतीकडच्या बाजूला झोपायचे, ही घरातून आलेली अट.