रविवारच्या वाचनांची तीन वर्षांची योजना: घरगुती मराठी गटासाठी कशी आहे?

'रिव्हाइज्ड कॉमन लेक्शनरी' म्हणजे कोणत्या रविवारी बायबलमधला कोणता उतारा वाचायचा याची तीन वर्षांची यादी. आजच्या रूपात ती १९९२ साली आली. तिच्याआधी १९८३ ची एक चाचणी आवृत्ती होती आणि मूळ सांगाडा रोमन कॅथलिक मंडळीच्या १९६९ च्या वाचनसूचीचा आहे. जगभरात अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या ती उपासनेत वापरतात. हे परीक्षण मात्र उपासनेसाठी नाही. इंदूरसारख्या शहरात सकाळची उपासना हिंदीत होते आणि मराठी घरं संध्याकाळी कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत जमून मराठीत वाचतात, अशा सहा ते दहा जणांच्या गटाला ती किती उपयोगी पडते, एवढंच इथे पाहिलं आहे. त्यातही हा गट प्रश्न विचारणारा आहे असं धरलं आहे: उत्पत्तीचा पहिला अध्याय विज्ञानाचा धडा समजायचा नाही, प्रेषित पौलाच्या पत्रांतलं प्रत्येक वाक्य आजचा कायदा समजायचा नाही, आणि तरीही ग्रंथ हातातून खाली ठेवायचा नाही.

निकाल आधीच सांगतो. घ्यावी, पण जशी आहे तशी वापरू नये. पाचापैकी साडेतीन गुण. उरलेले दीड गुण कशात गेले ते पुढे येईलच.

वर्ष ओळखणं सोपं आहे. तीन वर्षांना ए, बी, सी अशी नावं आहेत आणि त्यांत अनुक्रमे मत्तय, मार्क आणि लूक ही शुभवर्तमानं (येशूची चरित्रं) मुख्य असतात. योहान तिन्ही वर्षांत विखुरलेला आहे. सालाला तीनने भागा: बाकी १ उरली तर ए, २ उरली तर बी, शून्य उरली तर सी. २०२६ म्हणजे ए. इथे नवशिक्या गटाची पहिली चूक होते, कारण हे वर्ष जानेवारीत बदलत नाही. ते आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या, पहिल्या रविवारी बदलतं आणि तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांमध्ये येतो. त्या दिवसापासून पुढच्या सालाचा हिशेब धरायचा.

यादी व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या धर्मशास्त्र ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. प्रत्येक रविवारी चार वाचनं असतात: जुना करार, स्तोत्र, पत्र, शुभवर्तमान. तासाभराच्या बैठकीत चारही नीट होत नाहीत. जुना करार आणि शुभवर्तमान यांवर चर्चा करावी, स्तोत्र सगळ्यांनी मिळून म्हणावं आणि पत्र घरी वाचायला द्यावं. शनिवारी रात्री संदर्भ व्हॉट्सॲपवर टाकताना पुस्तकांची नावं मराठीतच लिहावीत, नाहीतर बैठकीत पाच मिनिटं 'जजेस म्हणजे शास्ते का?' यातच जातात. संदर्भातली चिन्हं कळली पाहिजेत. कंसातली वचनं ऐच्छिक असतात, स्वल्पविराम म्हणजे मधली वचनं गाळली आहेत, आणि अंकापुढचा ए किंवा बी म्हणजे वचनाचा पहिला किंवा दुसरा भाग. काही रविवारी बारूख किंवा शलमोनाचं ज्ञान अशी नावं दिसतात. ६६ पुस्तकांच्या 'पवित्र शास्त्रा'त, म्हणजे प्रॉटेस्टंट मराठी बायबलात, ती नाहीत, पण यादीत शेजारीच पर्याय दिलेला असतो. उदाहरणार्थ, सी वर्षात आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी बारूखऐवजी मलाखी ३:१-४ घ्यायचं.

पेन्टेकॉस्ट म्हणजे ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशीचा सण; त्यानंतरच्या लांबलचक काळात जुन्या कराराचे दोन रस्ते दिले आहेत. माळव्यात पाऊस सुरू होतो त्या सुमारापासून थंडी पडेपर्यंतचा हा काळ. पहिल्या रस्त्यात कथा सलग चालते. दुसऱ्यात दर आठवड्याला शुभवर्तमानाशी जुळणारा तुकडा निवडलेला असतो. अभ्यासगटाने पहिलाच घ्यावा, यात दुमत नसावं. दुसऱ्या रस्त्यावर यशया काय आणि यिर्मया काय, येशूची आगाऊ सूचना देण्यापुरतेच उरतात. सलग रस्त्यावर अब्राहामाचं घर आपल्या सगळ्या भांडणांसकट समोर उभं राहतं. फक्त सुरुवातीलाच सांगून ठेवावं की या काळात जुना करार, पत्र आणि शुभवर्तमान यांचा एकमेकांशी मेळ बसवलेलाच नाही. हे न सांगितल्यास कुणीतरी हमखास ओढूनताणून धागा काढतं आणि बाकीचे मान डोलावतात.

ए वर्षाचा जून-जुलै हा या योजनेचा सर्वांत कसदार भाग आहे. २०२६ मध्ये २१ जूनला हागार येते (उत्पत्ती २१:८-२१): अब्राहामाच्या घरातली दासी, थोडी भाकरी आणि पाण्याची मसक देऊन मुलासकट रानात हाकललेली. पुढच्याच रविवारी, २८ जूनला, त्याच अब्राहामाचा हात आपल्या दुसऱ्या मुलावर उगारलेला (उत्पत्ती २२:१-१४). हे दोन रविवार लागोपाठ ठेवणाऱ्यांना मानलं पाहिजे. २३ ऑगस्टला निर्गमच्या पहिल्या अध्यायातल्या सुइणी शिप्रा आणि पुवा येतात, ज्या राजाचा हुकूम मोडतात आणि वर राजाला थापही मारतात. सरकारी आज्ञा आणि सदसद्विवेक यांवर बोलायला यापेक्षा चांगला उतारा शोधून सापडणार नाही.

पण त्याच हागारेचा सोळावा अध्याय, ज्यात अब्राहामाची बायको साराय तिचा छळ करते आणि ती पहिल्यांदा पळून जाते, यादीत नाही. म्हणजे गटापुढे हकालपट्टी येते, छळ येत नाही. आणि इथूनच योजनेची खरी अडचण सुरू होते.

शास्ते हे सबंध पुस्तक तीन वर्षांत एकदाच येतं: ४:१-७, ए वर्षात, २०२६ मध्ये दिवाळीनंतरच्या रविवारी, १५ नोव्हेंबरला. सातव्या वचनावर ते थांबतं. आठव्या वचनात बाराक संदेष्ट्री दबोरेला म्हणतो की तू बरोबर आलीस तरच मी जाईन. सेनापती एका बाईशिवाय पाऊल उचलायला तयार नाही, नेमकं तेवढंच कापलं आहे. बापाच्या नवसापायी बळी गेलेली इफ्ताहाची मुलगी नाही, बलात्कार सोसलेल्या दावीदाची मुलगी तामार आणि याकोबाची मुलगी दीना नाहीत. योनाच्या पुस्तकातला मासाही रविवारी कधी येत नाही; तिसऱ्या-चौथ्या अध्यायांतला रागावलेला योना येतो. (ही कात्री मात्र पटते. माशाच्या पोटात माणूस तीन दिवस जगेल का यावर तास घालवण्यापेक्षा शत्रूला क्षमा मिळाल्यावर संदेष्टा का चिडतो हे विचारणं बरं.)

पत्रांमध्ये कात्री जास्त हुशारीने चालली आहे. बी वर्षात इफिसकरांस पत्र ५:१५-२० वाचलं जातं आणि पुढच्या आठवड्यात थेट ६:१० येतं. बायकांनी पतीच्या अधीन असावं आणि दासांनी धन्याचं ऐकावं, ही दोन्ही वचनं मधल्या फटीत पडतात. १ पेत्र २ मधला एक उतारा तर ए वर्षाच्या ईस्टरकाळात एकोणिसाव्या वचनापासून सुरू होतो. अठरावं वचन दासांना उद्देशून आहे. ते काढल्यावर मार खाऊन सोसण्याचा उपदेश अचानक सगळ्यांना लागू होतो. घरात मार खाणाऱ्या बाईलाही. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातून १६-१७ ही वचनं घेतली आहेत आणि समलिंगी संबंधांबद्दल उद्धृत होणारी २६-२७ वगळली आहेत.

उपासनेत ही कात्री समजण्यासारखी आहे. पाळकाकडे पंधरा मिनिटं असतात, आणि समोर कोण काय सोसून बसलं आहे ते त्याला ठाऊक नसतं. न समजावता असं वचन वाचून सोडून देणं क्रूरपणाचं ठरेल. पण अभ्यासगटात गाळणं म्हणजे वचन दुसऱ्याच्या हाती देणं. इफिसकरांस पत्राचं ते वचन रविवारी ऐकू आलं नाही तरी लग्नात ऐकू येतंच, जिथे कुणी हात वर करून प्रश्न विचारत नाही. रोमकरांस पत्रातली ती दोन वचनं घराघरांत पोचतात ती फॉरवर्ड केलेल्या मेसेजमधून. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ चा, प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्द केला, त्यानंतरही ज्या घरात मुलगा किंवा मुलगी आईवडिलांशी याबद्दल बोलू शकत नाही, त्या घराला या वचनांवर शांतपणे, पौलाच्या काळातली रोमी समाजरचना पुढे ठेवून बोलणारी एक तरी जागा हवी. उदारमतवादी वाचनाची कसोटी अवघड पान उघडण्यात लागते. कुणीतरी आधीच पान दुमडून दिलं असेल तर कसोटीच होत नाही.

सगळ्यांत गमतीची कात्री सी वर्षात, ईस्टरच्या सातव्या रविवारी. प्रकटीकरण २२ मधून १२-१४, १६-१७ आणि २०-२१ अशी वचनं घेतली आहेत. गाळलेल्यांत १८-१९ आहेत, ज्यांत या पुस्तकातून काही काढून टाकणाऱ्याला सक्त ताकीद दिली आहे.

उलट बाजूची तक्रारही आहे, जे गाळायला हवं होतं किंवा निदान टीप द्यायला हवी होती त्याबद्दल. ईस्टरकाळात जुन्या कराराच्या जागी प्रेषितांची कृत्ये येतात, म्हणजे इस्राएलचा आवाज सात आठवडे जवळपास बंद, आणि 'तुम्ही त्याला वधस्तंभावर खिळलं' असं यहुद्यांना उद्देशून केलेलं भाषण चालू. उत्तम शुक्रवारी योहान १८ आणि १९ पूर्ण वाचले जातात, त्यांतल्या 'यहुदी' या सरसकट उल्लेखासकट. येशू, त्याची आई आणि शिष्य हे सगळे यहुदीच होते हे त्या दिवशी बैठकीआधी सांगावं लागतं. आणि योहान ८ मधली, दगडांच्या घेऱ्यात उभी केलेली स्त्री मात्र तीन वर्षांत एकाही रविवारी येत नाही. जुन्या हस्तलिखितांत तो भाग नाही हे खरं. मार्कच्या शेवटाबाबतही हाच न्याय लावून १६:८ ला थांबले आहेत, आणि तो निर्णय उत्तम आहे. तरीही ती स्त्री गटाने स्वतः वाचावी.

यावर उपाय आहे, आणि तो मराठी गटाला आयता मिळतो. संकेतस्थळावर इंग्रजी उतारा छापलेला असतो, पण नेमून दिलेल्या वचनांपुरताच. काप दिसतच नाही. मराठी मजकूर तिथे नसल्यामुळे 'पवित्र शास्त्र' किंवा यूव्हर्जनचं बायबल ॲप उघडून अख्खा अध्याय समोर घ्यावा लागतो. मग शिस्त एवढीच: नेमलेल्या उताऱ्याच्या आधीची दहा आणि नंतरची दहा वचनं प्रत्येकाने घरी वाचून यायची, आणि मधली गाळलेली वचनं बैठकीत मोठ्याने वाचायची. हिंदी किंवा इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलांना जुन्या आवृत्तीची मराठी जड जाते. त्यांना ॲपवरची 'मराठी समकालीन आवृत्ती' द्यावी. फक्त वाचताना सगळ्यांनी एकच आवृत्ती धरावी, दुसरी चर्चेच्या वेळी काढावी.

वेळेचं गणित आधी पाहावं. ए वर्षाच्या उपवासकाळात (ईस्टरआधीचे सुमारे चाळीस दिवस) योहानाचे उतारे फार लांब आहेत. विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीचा एकटा ३८ वचनांचा. २०२६ मध्ये तो आला ८ मार्चला, म्हणजे रंगपंचमीच्याच दिवशी. त्या दिवशी इंदूरच्या राजवाड्याकडच्या रंगाच्या गर्दीतून कुणी वेळेवर पोचेल अशी आशा ठेवू नये. असा रविवार आला की बैठक सरळ शनिवारी घ्यावी आणि संवाद चौघांत वाटून वाचावा. बी वर्षात जुलैअखेरपासून योहानाचा सहावा अध्याय सलग पाच रविवार चालतो, भाकरी आणि पुन्हा भाकरी. तिसऱ्या आठवड्याला लोक कंटाळतात. म्हणून शुभवर्तमान सोडून दावीद-बथशेबाच्या कथेकडे (२ शमुवेल ११:१-१५ पासून) वळावं, ती या पाचांतल्या पहिल्याच रविवारी सुरू होते.

सुरुवात आगमनकाळापासून करायचा आग्रह नको. नाताळच्या धावपळीत नवा गट टिकत नाही. ए वर्ष असेल तर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, उत्पत्ती १२ पासून धरावं. ज्या महिन्यात पाचवा रविवार असेल, तो यादीतून सोडवून वगळलेल्या उताऱ्यांसाठी राखावा. असे रविवार वर्षाला चार, क्वचित पाच मिळतात. पहिल्या वर्षासाठी क्रम असा: उत्पत्ती १६, शास्ते ४ पूर्ण, इफिसकरांस ५:२१ ते ६:९, योहान ८:१-११. तामारेचा अध्याय (२ शमुवेल १३) दुसऱ्या वर्षी घ्यावा, मुलांना वेगळ्या खोलीत बसवून. काय वाचणार आहोत ते आठवडाभर आधी सगळ्यांना कळवावं, म्हणजे ज्यांना त्या दिवशी यायचं नसेल त्यांना कारण सांगावं लागणार नाही.