आजोळ चप्पल लाईनीतलं, जाकीट रेक्झिनचं

माझ्या मामाचं दुकान कोल्हापुरात चप्पल लाईनीत आहे. लहानपणच्या मे महिन्याच्या सुट्ट्या मी त्या दुकानाच्या फळीवर बसून काढल्यात. कापशी चप्पल कुठली, पुकरी कुठली, वादीनं शिवलेली कुठली आणि खिळा मारून नुसती शिवल्यासारखी दाखवलेली कुठली, हे मला पाढ्यांच्या आधी यायला लागलं. म्हणून पुढचं लिहिताना मान खाली जाते. परदेशात मला चामड्यातच फसवलं. माशातही फसवलं, पण त्याची लाज थोडी कमी आहे. मासा हा काही कोल्हापूरकराचा प्रांत नव्हे.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत नोकरीला आहे. कंपनीनं इटलीतलं एक मशीन घेतलं आणि त्याच्या ट्रेनिंगसाठी मला 2025च्या एप्रिलमध्ये सहा महिन्यांसाठी ब्रेशियाला धाडलं. मिलानपासून रेल्वेनं तासाभराचं गाव. जूनच्या 22 तारखेला तिकडं मिलानमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये मॉडेलांच्या पायात आपल्यासारखी चप्पल दिसली आणि इकडं कोल्हापूर पेटलं. कोल्हापुरीला 2019पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, आणि यांनी सुरुवातीला कोल्हापूरचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. नंतर प्राडानं भारतीय कारागिरीवरून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं, पण तोवर माझ्या मोबाईलवर भावकीच्या, शाळेच्या, तालमीच्या सगळ्या ग्रुपवर तोच विषय. प्लांटमधल्या इटालियन पोरांना मी जेवणाच्या सुट्टीत बाभळीची साल, हिरडा, म्हशीचं कातडं, चालताना करकर वाजावी म्हणून तळात घालायचं विंचू नावाच्या झुडपाचं बी, असं सगळं हातवारे करून सांगितलं. महिनाभर मी तिथला चामड्याचा वकीलच झालो होतो. ही हवा डोक्यात घेऊन मी जुलैत फ्लॉरेन्सला गेलो.

बायको तीन आठवड्यांसाठी आली होती. तिला लेदर जाकीट घ्यायचं होतं आणि फ्लॉरेन्सला चामडं चांगलं मिळतं हे सगळेच सांगत होते. ते खोटंही नाही. त्या भागात आजही झाडपाल्याच्या टॅनिननं कातडं कमावणारे कारखाने आहेत. आपल्याकडं बाभूळ-हिरडा, त्यांच्याकडं चेस्टनट आणि मिमोसा. सान लोरेंझो चर्चच्या आसपास गल्लीभर चामड्याच्या गाड्या लागतात. बॅगा, पट्टे, पाकिटं, जाकिटं. महाद्वार रोडच, फक्त भाषा वेगळी.

एका गाडीवाल्यानं आम्हाला हेरलं. "नमस्ते, इंडिया?" म्हणाला. गाडीवरचा माल पर्यटकांसाठी आहे, खरा माल आत दुकानात आहे, असं सांगून तो आम्हाला मागच्या बोळात घेऊन गेला. आता विचार केला तर पहिली घंटा तिथंच वाजायला हवी होती. चप्पल लाईनीत मामाच्या शेजारचे लोकही गिऱ्हाइकाला 'आतला माल' दाखवतात, आणि आतला माल कसा असतो हे मी लहानपणापासून बघत आलोय. पण तिथं मी गिऱ्हाईक होतो, आणि गिऱ्हाईक झालं की माणूस वेगळा वागतो.

आत एकानं कॉफी दिली. भिंतीवरचं काळं जाकीट काढून बायकोला घातलं. मी जाऊन वास घेतला, बाही चुरगाळून बघितली, आतल्या बाजूनं बोट फिरवलं. अस्सल होतं ते. मेंढीचं मऊ कातडं. मग त्यानं लायटर पेटवून ज्योत बाहीवरून झरकन फिरवली. "नो बर्न!" मी त्याला हसून म्हटलं, बाबा रे, माझं आजोळ चपला करतं, हे नको दाखवूस. तो एकदम खूश झाला. पुढच्या मिनिटाला मी 'ब्रदर' झालो होतो. किंमत 480 युरोवरून 350, मग 280, मग दिवसाचं शेवटचं गिऱ्हाईक म्हणून 220. युरो तेव्हा शंभर रुपयांना टेकलेला. बायकोनं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली.

फक्त तो भिंतीवरचा नग तिला ढगळ होत होता. "युअर साईझ, वन मिनिट," म्हणून पोरगा आत गेला आणि पातळ कागदात घडी घातलेलं जाकीट घेऊन आला. वरून कॉलर दिसत होती. मी कॉलरला हात लावला, वास घेतला. चामडंच होतं. बाहेर गाड्या आवरायला लागल्या होत्या, बायकोच्या पायाचे तुकडे पडले होते. घडी मोडायची कुणाला सुचलीच नाही. जाकिटाला 'व्हेरा पेल्ले', म्हणजे अस्सल चामडं, असं लिहिलेला कातड्याच्या आकाराचा टॅग होता. तो प्लॅस्टिकच्या दोऱ्यानं अडकवलेला होता, आत शिवलेला नव्हता. असे टॅग शेकड्यानं मिळत असणार, हे आत्ता लिहिताना कळतंय.

आता पैशाचा भाग. बायको पर्यटक, म्हणून नियमानं तिला टॅक्स परत मिळायला हवा होता. इटलीत 2024पासून 70 युरोच्या वरच्या खरेदीवर युरोपाबाहेरच्या माणसाला तो मागता येतो. त्याबद्दल विचारलं तर म्हणाला, मशीन बंद आहे, त्याचीच सूट धरून 220 केलेत. हे आम्हाला उपकारच वाटले. खरी गोष्ट अशी की टॅक्स फ्री कागद करायचा तर पासपोर्ट नंबरासकट रीतसर बिल होतं, आणि त्याला तेच नको होतं. आम्हाला मिळालेल्या चिठोऱ्यावर फक्त 'अब्बिल्यामेंतो' छापलं होतं. म्हणजे कपडे. चामड्याचं नाव नाही, जाकिटाचंही नाही. तिथल्या कायद्यात सांगितल्यापेक्षा वेगळा माल निघाला तर दोन वर्षं दुकानदार जबाबदार असतो. पण काय सांगून विकलं हे कागदावरच नसेल तर भांडणार कशाच्या जोरावर?

वर कार्ड. मशीनवर युरो की रुपये असं विचारतं. त्यानं मशीन स्वतःकडंच ठेवून रुपयाचं बटण दाबलं आणि मग माझ्यासमोर पिन टाकायला धरलं. रुपये बघून मला बरंच वाटलं, आपल्या पैशात कळतंय म्हणून. त्या बटणामुळं दर बँकेचा लागत नाही, मशीनवाल्याचा लागतो. 22 हजारांच्या आसपास जायला हवे होते तिथं 23 हजार 600 गेले. परदेशात कार्ड घासताना नेहमी तिथलंच चलन निवडायचं आणि बटण स्वतः दाबायचं. हे मला बँकेतल्या मित्रानं नंतर सांगितलं, तेही हसत.

एवढ्यावर दिवस संपला असता. पण ब्रदरनं विचारलं, जेवलात का? कोपऱ्यावर ओळखीच्याचं हॉटेल आहे, माझं नाव सांगा. आम्ही सांगितलं.

टेबलावर बसल्या बसल्या पाव आला, टोमॅटो घातलेले भाजक्या पावाचे तुकडे आले, ऑलिव्हं आली. आम्ही मागवलं नव्हतं. आम्हाला वाटलं, आपल्याकडं ताटाआधी कांदा-लिंबू येतो तसं असेल. तिथली प्रसिद्ध डिश म्हणजे गाईच्या मांसाचा जाडजूड तुकडा, ते आम्हाला नको होतं. मग वेटरनं आजचा मासा सुचवला. मेनूत 'आजचा मासा' आणि पुढं 8, आणि त्याच्यापुढं बारीक अक्षरात '/एत्तो'.

"अहो, एत्तो म्हणजे काय?"

"नग असेल," मी म्हटलं. तीन महिने इटलीत काढलेल्या माणसाच्या थाटात. कंपनीच्या कँटीनमध्ये जेवणाऱ्याला दुकानातली मापं कुठून कळायची? आठ युरोत मासा, स्वस्तच की, असंही म्हणालो. बायको आजही हे वाक्य माझ्या आवाजात म्हणून दाखवते.

एत्तो म्हणजे शंभर ग्रॅम.

मासा भाजून, सोलून, दोन ताटलीत वाटून आला. कच्चा दाखवला नाही, वजन केलं नाही. चव होती, उगाच खोटं कशाला बोलू. बिल आलं 162 युरो 56 सेंट. मासा 1 किलो 350 ग्रॅम, म्हणजे साडेतेरा एत्तो, 108 युरो. न मागवलेले पावाचे तुकडे आणि ऑलिव्ह, 18. भाजी 7, पाणी 5. त्या सगळ्यावर बारा टक्के सेवा. शिवाय 'कोपेर्तो', म्हणजे टेबलावर बसल्याचे माणशी 4. सोळा हजार रुपये! कोल्हापुरात एवढ्यात अख्ख्या भावकीला मटणाची ताटं घालून झाली असती, आणि तांबडा-पांढरा मागेल तेवढा. रश्श्याच्या वाटीला आपल्याकडं मीटर नसतो.

मी वाद घातला. वेटरनं शांतपणे मेनू उघडून बोट ठेवलं. एत्तो लिहिलेलं, कोपेर्तो लिहिलेलं, सेवेचे टक्के शेवटच्या पानाच्या तळाला लिहिलेले. कागदावर सगळं चोख. फक्त ते ऑलिव्ह-पावाचं आम्ही मागवलंच नव्हतं; पण खाल्लं होतं. तिथं राहणारे लोक अशा वेळी न मागवलेली ताटली तशीच परत पाठवतात, मासा कच्चा असताना तराजूवर बघतात आणि आकडा तोंडी वदवून घेतात. बिलात गडबड वाटली तर 117वर फोन करतात. ती तिथल्या आर्थिक पोलिसांची लाईन आहे, आणि नुसतं नाव काढलं तरी फरक पडतो म्हणे. हे सगळं सोमवारी प्लांटमधल्या सहकाऱ्यानं सांगितलं. 2018मध्ये व्हेनिसमध्ये चार जपानी विद्यार्थ्यांना अकराशे युरोंच्या वर बिल लावलं होतं, ते प्रकरण जगभर गाजलं होतं, तेही सांगितलं. माझं समाधान व्हावं म्हणून सांगितलं असावं. झालं थोडं.

जाकिटाबद्दल मात्र मी त्याला फुशारकीनं सांगितलं. 480चं 220ला.

बायको ऑगस्टमध्ये कोल्हापूरला आली, मी ऑक्टोबरमध्ये. पाऊस ओसरला होता. कपाटातल्या माझ्या पट्ट्याला पांढरी बुरशी, बुटांना बुरशी, मामानं दिलेल्या दोन्ही चपलांना बुरशी. जाकीट मात्र नव्यासारखं. बायको येईल त्याला दाखवायची, "बघा, इटलीचं चामडं. बुरशीसुद्धा धरली नाही." मीसुद्धा मान डोलवायचो. हे विशेष आहे. घरात चामडं ओळखणारा माणूस मी.

डिसेंबरच्या थंडीत तिनं ते घातलं आणि चौथ्या-पाचव्या वेळी कोपरावर पापुद्रा सुटला. उन्हानं भाजलेल्या पाठीची साल निघते तसा. मी जाकीट पिशवीत घालून मामाकडं गेलो. पॉलिश करून द्या म्हणायला. अजून माझा विश्वास होता.

मामानं चष्मा वर केला. कॉलर बघितली, "हे चामडं हाय" म्हणाला. मग जाकीट उलटं केलं, खिशाच्या आतलं अस्तर रापीच्या, म्हणजे कातडं कापायच्या हत्याराच्या, टोकानं दोन बोटं उसवलं आणि आतली बाजू मला दाखवली. कातड्याच्या उलट्या बाजूला बारीक लव असते, तंतू असतात. इथं पांढरं विणलेलं कापड होतं, बनियनला असतं तसलं. त्याच्यावर काळा थर. बाह्या, पाठ, पुढा सगळं तेच. चामडं म्हणजे फक्त कॉलर, जिथं माणूस नाक लावतो तेवढीच.

"पावसात कुठं ठेवलतंस?"

"कपाटात. बुरशीपण नाही धरली, मामा."

"मग तवाच कळाया पायजे हुतं की रं." मामा हसला नाही, हे जास्त लागलं. "आन् तू आत हात घालून बघितलं न्हाईस?"

"भिंतीवरच्यात बघितलं होतं."

मामानं दुकानाबाहेर बघितलं. समोर पुण्या-मुंबईचं कुटुंब चपला बघत होतं. ओझरत्या नजरेनंही कळत होतं, त्यांच्या हातातली जोडी यंत्रावरची आहे, तळ दाबलेल्या पुठ्ठ्याचा आहे, आणि दुकानदार 'अस्सल कोल्हापुरी' म्हणत होता. मामा काही बोलला नाही, मीही नाही. तिथं जाऊन सांगावं असं वाटलं आणि सांगितलं नाही, हेही इथं लिहून ठेवतो.

एक उपयोगाचं मात्र मी परतायच्या आधी शिकलो होतो. युरोपात बुटावर चित्र छापावं लागतं, 1994च्या नियमानं. सोललेल्या कातड्याचा आकार असेल तर चामडं, त्याच आकारात पत्त्यांतल्यासारखी चौकट असेल तर वर थर दिलेलं चामडं, नुसती चौकट असेल तर दुसरं काहीतरी. वरचा भाग, अस्तर आणि तळ यांची चित्रं वेगवेगळी असतात. तसं बघून घेतलेले बूट आजही ठणठणीत आहेत. जाकिटाला, बॅगेला हा नियम नाही. तिथं रापी जवळ नसली तरी खिसा उलटा करून शिवणीतून आत बघता येतं. नेमका तोच नग बघायचा, जो पिशवीत जाणार आहे.

जाकिटाचं काय करायचं विचारलं. मामानं ते टेबलावर पसरलं, पुढ्याची पितळी चेन दोनदा वरखाली केली, कानाजवळ नेऊन तिचा आवाज ऐकला आणि रापी हातात घेतली.

"चेन झ्याक हाय," म्हणाला. "एवढी ठेवतो. बाकीचं घिऊन जा."