"देणाराही आत जातो" या धमकीला घाबरू नका

वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारसनोंद करायची होती. कागद घेऊन गेलो तर तलाठ्यांनी शेजारच्या खुर्चीतल्या पोराकडे बोट दाखवलं. हा त्यांचा खासगी माणूस, लोक ज्याला झिरो तलाठी म्हणतात तो. सरकारी नोकर नाही, पण सगळं दप्तर त्याच्या हातात. "साहेबांचे" म्हणून त्याने पाच हजार मागितले. थोरल्या भावाने दिले. नोंद झाली नाहीच, वर "मंडळ अधिकाऱ्यांचे वेगळे" म्हणून आणखी आठ हजारांची मागणी आली.

पहिले पैसे परत मागितले तर म्हणाला, "करा तक्रार. नव्या कायद्यात देणारापण आत जातो."

माझ्या मते खरी फसवणूक ही. 2018 च्या दुरुस्तीने लाच देणं गुन्हा झालं, एवढं बरोबर आहे. पण भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या त्याच कलम 8 मध्ये पुढे असंही आहे की, नाइलाजाने द्यावी लागली आणि 7 दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं, तर देणारा गुन्हेगार ठरत नाही. आधी कळवून, त्यांनी लावलेल्या सापळ्यात दिली तरी नाही. हे कुणी सांगत नाही. दादा घाबरून गप्प बसला आणि त्याची मुदत उलटली.

दुसऱ्या मागणीला मात्र आम्ही लाचलुचपत विभागाच्या 1064 वर फोन केला. पंचांसमोर मागणीची पडताळणी झाली, नोटांना अतिनील दिव्याखाली चमकणारी पावडर लागली. पैसे घेतलेल्या त्या पोराची बोटं त्या दिव्याखाली निळसर चमकली. तलाठी सरळ म्हणाले, "मी याला ओळखत नाही." पडताळणीच्या रेकॉर्डिंगमध्ये "त्याच्याकडे देऊन टाका" हे त्यांचं वाक्य होतं म्हणून तेही आरोपी झाले. तुमच्यावर अशी वेळ आली तर मागणी साहेबांच्या तोंडून रेकॉर्ड झाल्याशिवाय पुढे जाऊ नका; नाहीतर पोरगं अडकतं, साहेब सुटतात.

पुढचं जास्त चीड आणणारं आहे. खासगी माणसावर खटला चालवायला कुणाची मंजुरी लागत नाही. तलाठ्यांसाठी कलम 19 खाली वरिष्ठांची लागते. कायदा त्यासाठी 3 महिने देतो, फार तर आणखी 1 महिना. ती मुदत केव्हाच संपली. मंजुरी आलेली नाही आणि तलाठी निलंबन संपवून दुसऱ्या सजावर (तलाठ्याच्या कार्यक्षेत्रावर) रुजूसुद्धा झाले. फाइल कुणाच्या टेबलावर अडली आहे, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज आम्ही टाकला आहे.