डोळ्याला आणि अंगठ्याला पटलेली अ‍ॅप्स

माझ्या फोनमधलं सगळ्यात देखणं अ‍ॅप कोणतं विचाराल, तर मी 'व्हेअर इज माय ट्रेन'चं नाव घेईन. त्यात चकचकीत चित्रं नाहीत, रंगांची उधळण नाही. एक उभी रेघ, तिच्यावर ओळीने स्टेशनं, शेजारी वेळा आणि गाडी आत्ता कुठे आहे ते दाखवणारी खूण. बस, एवढंच. पण हे ज्यांनी जुळवलं त्यांना प्रवासी कुठे उभा असतो, त्याच्या हातात काय काय असतं आणि त्याला घाई कशाची असते, हे पक्कं माहीत होतं. मला अ‍ॅप देखणं वाटतं ते यामुळे.

मी नाशिकला रविवार कारंज्याजवळ डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याचं काम करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, बिलबुकं, दशक्रियेची कार्डं. पेजमेकर हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर आणि श्रीलिपी हे मराठी अक्षरांचं, यांवर हात बसला तो बसलाच. त्यामुळे कुठलंही पान समोर आलं की आधी समास, मग दोन ओळींमधली जागा, मग अक्षर, या क्रमाने डोळा आपोआप फिरतो. फोनची स्क्रीन समोर आली तरी तसंच होतं. गिऱ्हाईक अ‍ॅप उघडून पैसे पाठवत असतं आणि मी त्याच्या बटणावरचा मजकूर कडेला किती चिकटलाय ते बघत असते. तेव्हा हे परीक्षण एका पानं जुळवणारीचं आहे. आत कोणती तांत्रिक करामत आहे यापेक्षा वर काय दिसतं, कुठे दिसतं आणि बोटाला कसं लागतं, हे मी सांगणार आहे.

आधी रेल्वेचंच सांगते. माझी लेक कल्याणला असते. नाशिकरोडहून गाडी सुटली की देवळाली, लहवित, अस्वली, पाडळी, घोटी, मग इगतपुरी आणि खाली कसारा. घाटाचा उतार 37 ला 1, म्हणजे 37 फूट पुढे गेलं की एक फूट खाली. परत येताना कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिनं लागतात, गाडी थांबते आणि डब्यातली माणसं एकमेकांना विचारायला लागतात, काय झालं, का थांबली? घाटात इंटरनेट धड चालत नाही. अशा वेळी हे अ‍ॅप उपयोगी पडतं, कारण गाडीत बसलेल्या माणसाला त्यासाठी इंटरनेट लागत नाही आणि जीपीएससुद्धा लागत नाही. आपला फोन कोणत्या मोबाइल टॉवरच्या कक्षेत आहे यावरून ते गाडीची जागा ठरवतं. वेळापत्रक आधीच फोनमध्ये उतरवलेलं असतं. बोगद्यात टॉवरही सुटला तर खूण शेवटच्या ठिकाणी थांबते, आणि ही माहिती किती वेळापूर्वीची आहे ते स्क्रीनवर लिहिलेलं असतं.

या शेवटच्या गोष्टीचं मला फार मोल वाटतं. अ‍ॅपला माहीत नसेल तर ते तसं सांगतं. पुष्कळ अ‍ॅप्स अशा वेळी नुसतं गोल चाक फिरवत ठेवतात आणि आपण अंगठा धरून वाट बघत राहतो. चाक फिरतंय म्हणजे काम चाललंय की अडकलंय, हे कळायला काही मार्ग नसतो.

हे अ‍ॅप बंगळुरूच्या सिग्मॉइड लॅब्ज या छोट्या कंपनीने केलं आणि 2018 मध्ये गूगलने ती कंपनी घेतली. मोठ्या घरात गेल्यावर चांगल्या गोष्टीवर दागिने चढतात, अशी मला भीती होती. पण रेघ होती तशीच राहिली आहे. उशीर असेल तर वेळ लाल, फलाट क्रमांक स्टेशनच्या नावाजवळच, डबे कोणत्या क्रमाने लागणार तेही एका टिचकीवर. नाशिकरोडच्या फलाटावर एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात द्राक्षांची पेटी घेऊन उभ्या असलेल्या बाईला आपला डबा पुढे येणार की मागे, हे कळलं तर तिची किती धावपळ वाचते! आणि हे सगळं मराठीत, नाव-नंबर न मागता. खातं उघडा, ओटीपी टाका, परवानगी द्या असली दारात अडवणूक नाही. पाहुण्याला आधी पाणी द्यावं, नाव-गाव नंतर विचारावं, तसं या अ‍ॅपचं आहे.

आता अक्षरांकडे येते, कारण माझा जीव तिथे जास्त अडकतो. मराठीत अ‍ॅप आहे असं म्हणणारे बरेच, पण मराठी नीट मांडणारे थोडे. इंग्रजी ओळीला वर-खाली जेवढी जागा पुरते, तेवढी देवनागरीला पुरत नाही. शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार बसवायचे. खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे पाय. इंग्रजीसाठी आखलेल्या बटणात मराठी कोंबलं की वरचे अनुस्वार छाटले जातात आणि खालचे उकार बटणाच्या कडेत घुसतात. मी नवीन अ‍ॅप घेतलं की शोधाच्या चौकटीत दोन नावं टाकून बघते, त्र्यंबकेश्वर आणि सप्तशृंगी. दोन्ही आपल्याच जिल्ह्यातली. 'त्र्यं'ने वरचा आणि खालचा दोन्ही ताण दिसतो, 'शृं'मध्ये अक्षराचा खरा घाट कळतो. ही दोन नावं जिथे अखंड, मोकळी उमटतात, तिथे कोणीतरी डोळ्यात तेल घालून काम केलंय असं समजावं.

'ल' आणि 'श' हेही बघते. आपली सवय पाकळीच्या 'ल'ची आणि देठाच्या 'श'ची. शासनाच्या 2009 च्या वर्णमालेच्या निर्णयातही हीच रूपं आहेत. हिंदीची वळणं वेगळी. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं भरलेली असतात. भाषा मराठी आहे एवढं अ‍ॅपने फॉन्टला सांगितलं की आपली रूपं आपोआप येतात. म्हणजे बनवणाऱ्याने फक्त एक खूण करायची असते. मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेला 'मुक्ता' फॉन्ट तर फुकट आहे, कोणीही वापरावा. स्क्रीनवर लहान आकारातही त्याची जोडाक्षरं गिचमिड होत नाहीत. असं असताना मराठी वाचकाने वेडीवाकडी अक्षरं का सोसावीत?

माझ्याकडे एका बिलभरणीच्या अ‍ॅपची फार वाईट आठवण आहे. चाळिशीचा चष्मा लागल्यापासून मी फोनमधलं अक्षर मोठं करून ठेवलंय. त्या अ‍ॅपमध्ये अक्षर मोठं झालं, पण चौकटी होत्या तेवढ्याच राहिल्या. रक्कम अर्धी कापली गेली, 'पुढे'चं बटण स्क्रीनच्या खाली पळालं आणि सरकवूनही वर येईना. त्यातून पांढऱ्यावर फिकट राखाडी मजकूर. दुपारी निमाणी स्टँडवर उन्हात उभं राहून तो वाचून बघा. वेबच्या सुलभतेचे जे जागतिक नियम आहेत, त्यांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजेडाचा फरक निदान साडेचारास एक हवा, असं स्वच्छ लिहिलंय. छपाईत आम्ही हे नियम न वाचताही पाळतो, कारण फिक्या शाईची पत्रिका गिऱ्हाईक तोंडावर परत आणून टाकतं.

बटणांचा आकार तर मी पट्टी लावून मोजलाय. गूगलने 2014 मध्ये अ‍ॅपची रचना कशी असावी याचे 'मटेरियल डिझाइन' नावाचे नियम आणले. त्यांत बोटाने दाबायची जागा साधारण 9 मिलिमीटर धरली आहे. 9 मिलिमीटर म्हणजे माझ्या अंगठ्याचा टेकलेला भाग. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्येच दाखवून दिलं होतं, की जे मोठं आणि जवळ आहे तिथे हात लवकर आणि बिनचूक पोचतो. तेव्हा हातात फोन नव्हते, पण हात हेच होते. फोन लांबट होत गेले तसा अंगठा वर पोचेनासा झाला, म्हणून बटणं खाली उतरू लागली. अ‍ॅपलने 2021 मध्ये सफारीची पत्त्याची पट्टी खाली आणली, आणि अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचे वरचे कप्पे 2024 मध्ये तळाशी आले. काही दिवस लोकांनी कुरकूर केली, माझ्या शेजारच्या झेरॉक्सवाल्यानेही केली. मला मात्र पहिल्या दिवसापासून बरं वाटलं. सिटीलिंकच्या बसमध्ये एका हाताने दांडी धरलेली असताना दुसऱ्या हाताचा अंगठा खालीच असतो.

पैशांच्या अ‍ॅप्समध्ये मला गूगल पेची मांडणी आवडते. वर ज्यांना नेहमी पैसे द्यायचे त्यांचे गोल चेहरे. कागदवाल्याच्या चेहऱ्यावर टिचकी मारली की त्याच्याशी झालेला सगळा व्यवहार संवादासारखा एकाखाली एक दिसतो. मागच्या खेपेला आर्टकार्डाचे किती दिले, हे वही न उघडता कळतं. पैसे देण्याआधी समोरच्याचं बँकेतलं नाव दाखवतात, ही फार मोलाची ओळ आहे. ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. मात्र पिनचं पान गूगलचं नसतं. भीम घ्या, गूगल पे घ्या, दुसरं कुठलंही यूपीआय अ‍ॅप घ्या, पिन टाकायचं पान यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने दिलेलं, सगळीकडे सारखंच. पिन त्या अ‍ॅपच्या हाती लागू नये म्हणून ही व्यवस्था आहे. दिसायला ते पान अगदी साधं आहे आणि ते तसंच असावं. बँकेचं नाव, रक्कम, कोणाला, आणि आकडे. माणूस तिथे दुसरं काही बघता कामा नये. आजकाल पैशांच्या बहुतेक अ‍ॅप्समध्ये पहिल्या पानावर कर्ज, सोनं, बक्षिसं यांची गर्दी झाली आहे. ती बघून मला वाईट वाटतं. भाजीवाल्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला यातलं काहीही नको असतं.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल सगळ्यांना सगळं माहीत आहे, म्हणून फक्त आवाजी निरोपाचं सांगते. दिंडोरी, सिन्नरकडची गिऱ्हाइकं पत्रिकेचा मजकूर बोलून पाठवतात. मामा, आत्या, 'निमंत्रक' म्हणून वीस-पंचवीस नावं सलग. बोलणाऱ्याला माइक दाबून ठेवायचा, लांबलचक असेल तर बोट वर सरकवून कुलूप लावायचं, नको असेल तर डावीकडे सरकवायचं. लिहिता न येणारी आजीसुद्धा हे एकदा बघून शिकते. माझ्या बाजूने आवाजाच्या लाटांची पट्टी दिसते, हवं ते नाव पुन्हा ऐकायला बोट मागे नेता येतं. 2021 पासून दीडपट आणि दुप्पट वेगही आहे. आणि फोन कानाला लावला की आवाज आपोआप कानातल्या स्पीकरमध्ये जातो, दुकानभर घुमत नाही. यासाठी बटणच नाही. माणूस फोन कानाला लावतो तो ऐकण्यासाठीच, एवढं ओळखून ही सोय केलेली आहे.

शेवटचं अ‍ॅप असं, ज्याची रचना डोळ्यांसाठी नाहीच. रिझर्व्ह बँकेचं 'मनी', 1 जानेवारी 2020 ला आलेलं. आमचे मोठे भाऊजी नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. मधुमेहाने त्यांची नजर गेली. 100 च्या नोटेच्या कडेला चार आणि 500 च्या नोटेच्या कडेला पाच उठावदार रेघा असतात, त्या ते बोटाने चाचपतात. पण नोट जुनी, मऊ झाली की रेघा लागत नाहीत. मग ते हे अ‍ॅप उघडतात. कॅमेरा लगेच सुरू होतो, समोर नोट धरायची, ते आकडा बोलून सांगतं, कंपनानेही सांगतं. घडी घातलेली नोट चालते, इंटरनेट लागत नाही. नोट खरी की खोटी हे ते सांगत नाही, तेवढं घरच्यांनी लक्षात ठेवावं. ज्यांनी हे अ‍ॅप बनवलं, त्यांनी इथे स्क्रीन जवळजवळ रिकामी सोडली, आणि भाऊजी पुन्हा दूधवाल्याचा हिशोब स्वतः करू लागले.

2027 च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये कोणी अ‍ॅप बनवत असेल, तर माझं कळकळीचं सांगणं आहे. रामकुंडावर आणि कुशावर्तावर गर्दी झाली की नेटवर्क कोसळणार हे धरूनच चाला. नकाशा आणि घाटांची नावं फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. पहिल्या पानावर नाव-नंबर मागू नका, तिथे रस्ता दाखवा. हरवलेल्या माणसाची मदत पहिल्याच पानावर तळाशी ठेवा, अंगठ्याखाली, मोठ्या बटणात. आणि बाहेर काढण्याआधी फोनचं अक्षर सगळ्यात मोठं करून त्यावर 'त्र्यंबकेश्वर' उमटवून बघा. प्रूफ तपासायला कोणी हवं असेल, तर मी विनामूल्य करून देईन.