म्युन्सिपालटीची शाळा की अनुदानित? धर्माच्या बाजूने बघितलं तर

आमच्या चाळीत यंदा तीन घरांत पहिलीची अ‍ॅडमिशन आहे आणि तिघंही मलाच विचारतायत, कारण माझी मुलगी दोन्हीकडे शिकलीय.

पैसा दोन्हीकडे सरकारचाच. पण म्युन्सिपालटीची शाळा पूर्ण सरकारी पैशावर चालते, म्हणून राज्यघटनेच्या कलम २८ प्रमाणे तिथे धर्माचं शिक्षण देताच येत नाही. अनुदानितमध्ये शाळा संस्थेची, तिथे ते चालतं, फक्त पालकाच्या संमतीशिवाय मुलाला बसवता येत नाही. संस्था अल्पसंख्याक असेल तर २०१४च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे आरटीई, म्हणजे शिक्षण हक्काचा कायदा, लागू नाही, म्हणजे प्रवेशाचे नियम तिथेच जाऊन विचारावे लागतात.

आम्ही बौद्ध. पहिली दोन वर्षं मुलगी अनुदानितला होती आणि शिकवणं खरंच छान होतं, तिचं गणित आज पक्कं आहे ते तिथल्या बाईंमुळे. पण रोज सकाळी संस्थेच्या धर्माची प्रार्थना. अ‍ॅडमिशनला दहा-बारा कागदांवर सह्या घेतल्या त्यात संमतीपत्रही होतं, मी वाचलं नव्हतं, ती चूक माझी. नंतर लिहून दिलं की आमची संमती नाही, शाळेने लगेच मान्य केलं, कोणी वाद घातला नाही. पण मान्य केलं म्हणजे काय तर प्रार्थना संपेपर्यंत हिने एकटीने पॅसेजमध्ये उभं राहायचं, आणि उशिरा येणाऱ्या मुलांना शिक्षा म्हणून उभं करायचे तेही तिथेच. आठवड्याभराने विचारते, पप्पा मी काय केलं? पुढे एक दिवस म्हणाली, मी म्हणते प्रार्थना, पण मला आत बसू दे. त्या रात्री झोप नाही लागली, आणि माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

म्युन्सिपालटीच्या शाळेत सगळं काटेकोर असतं असं मी म्हणणार नाही. दसऱ्याला पाटीपूजन तिथेही झालं, आणि शिक्षक इलेक्शन ड्युटीला गेले की अभ्यास मागे पडतो, तो घरी भरून काढावा लागतो. पण परिपाठाला राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका, सगळी पोरं एका रांगेत, बाहेर कोणी नाही. मला तरी हे जास्त मोलाचं वाटलं, तुमचं वेगळं असू शकतं.

अनुदानितच घ्यायची असेल तर अ‍ॅडमिशनआधी एवढं विचारा की संमती दिली नाही तर त्या वेळात मूल कुठे बसतं. ओळखीतल्या एकांच्या मुलाला त्याच्या शाळेत लायब्ररीत बसवतात, पुस्तक वाचायला देतात. आमच्याकडे तसं असतं तर कदाचित मी शाळा बदललीच नसती.