आज्ञापालनाचा अभ्यास: प्रयोगशाळेत की वॉर्डात?
अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रमच्या १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्वतःहून आलेले ४० पुरुष होते. समोरचा उत्तर चुकला की त्याला विजेचा वाढता शॉक द्या, असं प्रयोगकर्ता त्यांना सांगे; शॉक प्रत्यक्षात खोटे होते. त्यातले २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या स्विचपर्यंत गेले. परिस्थितीवर पूर्ण ताबा, पण शॉक खोटे आहेत हे काहींनी ओळखलं असेल, ही शंका उरतेच.

मानसोपचारतज्ज्ञ चार्ल्स हॉफलिंगने १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आज्ञापालन तपासायला थेट रुग्णालय गाठलं. फोनवरच्या अनोळखी ‘डॉक्टर’ने २० मिलिग्रॅम औषध द्यायला सांगितलं, डबीवर कमाल मात्रा १० मिलिग्रॅम अशी छापलेली. तरीही २२ पैकी २१ परिचारिका द्यायला निघाल्या! खऱ्या आयुष्याशी जवळीक पाहिली तर हाच प्रयोग सरस. पण आपण प्रयोगात आहोत हेच त्यांना ठाऊक नव्हतं, मग संमती कुठली? हे मला मिलग्रमच्या फसवणुकीपेक्षाही जास्त खटकतं. नमुना मात्र दोन्हीकडे तोकडाच: इथे फक्त पुरुष, तिथे एकाच पेशातल्या मोजक्या जणी.