विषय येतो, पण शिकवता येतो का? क्षेत्र बदलून शिक्षक होणाऱ्यांसाठीच्या एका अभ्यासक्रमाचे परीक्षण

प्रयोगशाळेत, कारखान्यात किंवा संगणक कंपनीत बरीच वर्षे काढल्यानंतर शाळेत गणित-विज्ञान शिकवावे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी आता खास अभ्यासक्रम चालवले जातात. त्यांपैकी एक मी रासायनिक विश्लेषणाची नोकरी सांभाळून पूर्ण केला. संध्याकाळची ऑनलाइन सत्रे, अधूनमधून प्रत्यक्ष कार्यशाळा आणि अखेरच्या टप्प्यात एका शाळेतील सलग छात्रसेवाकाल (प्रत्यक्ष वर्गात शिकवण्याचा सरावकाळ) असे त्याचे स्वरूप आहे. या छात्रसेवाकालासाठी मात्र बिनपगारी रजा घ्यावी लागते, हे माहितीपत्रकात ठळकपणे यायला हवे होते. संस्थेचे नाव येथे देत नाही. परंतु पुढे मांडलेले गुणदोष या धर्तीचा कोणताही अभ्यासक्रम निवडताना ताडून पाहता येतील.

कल्पना तशी नवी नाही. आयबीएमने २००५ मध्ये आपल्या अनुभवी कर्मचाऱ्यांना गणित-विज्ञानाचे शिक्षक होण्यासाठी साहाय्य करणारी योजना जाहीर केली होती. ब्रिटनमध्ये 'फायनान्शियल टाइम्स'च्या स्तंभलेखिका ल्यूसी केलावे यांनी 'नाउ टीच' ही संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला आणि २०१७ मध्ये पत्रकारितेची नोकरी सोडून त्या स्वतःही गणित शिकवण्याचे प्रशिक्षण घेऊ लागल्या. ज्याने एखादा विषय वर्षानुवर्षे कामात वापरला, त्याला तो शिकवणे फारसे जड जाणार नाही, हा समज अशा योजनांकडे येणाऱ्यांच्या मनात असतोच, आणि या संस्थेची जाहिरातही त्यालाच खतपाणी घालते. अभ्यासक्रमाच्या बाजूने सांगण्यासारखी पहिली गोष्ट अशी की, प्रवेश घेतल्यावर थोड्याच दिवसांत तो हा समज पद्धतशीरपणे मोडून काढतो.

हे काम 'आशययुक्त अध्यापन' या विभागात होते, आणि तोच सबंध अभ्यासक्रमाचा कणा आहे. अमेरिकी शिक्षण-मानसशास्त्रज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे मांडले होते की, विषयाचे ज्ञान आणि शिकवण्याच्या सर्वसाधारण पद्धती यांखेरीज शिक्षकापाशी आणखी एका प्रकारचे ज्ञान असावे लागते: कोणत्या उदाहरणाने संकल्पना उलगडते, कोणत्या आकृतीने ती अधिकच गुंतते आणि मुले नेमकी कोठे अडखळतात, याचे ज्ञान. ही मांडणी बहुतेक ठिकाणी परीक्षेतील टीप म्हणून पाठ करून घेतली जाते. येथे ती रोजच्या सरावात उतरवली आहे.

एक स्वाध्याय सविस्तर सांगण्याजोगा आहे. विजेरी, तारा आणि दिवा यांच्या परिपथाची आकृती काढून विद्युतधारा कोठे किती आहे हे मुलांनी दाखवलेले कागद प्रशिक्षणार्थींना दिले जातात. दिव्याच्या आधी धारा जास्त आणि दिव्यानंतर कमी, म्हणजे दिव्याने ती मधल्यामध्ये खाऊन टाकली, असे अनेक मुलांनी दाखवलेले असते. हे कागद तपासून गुण द्यायचे नसतात. हे उत्तर त्या मुलाला बरोबर वाटण्यासाठी त्याच्या मनात कोणते चित्र असावे लागेल, ते लिहायचे असते. आमच्या गटातील विद्युत अभियंत्यांनाच हे सर्वांत कठीण गेले. 'संकल्पना अस्पष्ट' एवढाच शेरा लिहून त्यांनी कागद परत दिले आणि मार्गदर्शकांनी ते तसेच फिरवून पुन्हा लिहायला लावले. पुढच्या सत्रात अमीटर (धारा मोजणारे उपकरण) दिव्याच्या दोन्ही बाजूंना जोडून वाचन सारखेच येते हे दाखवले जाते, आणि मग मुलाचा प्रश्न येतो: धारा संपत नाही, तर विजेरी का संपते? धारा आणि ऊर्जा यांतील भेद शिकवण्याची खरी जागा हीच आहे; ती त्या मुलाच्या चुकीच्या पण सुसंगत विचारातूनच सापडते आणि ज्याला ते उत्तर निव्वळ अडाणीपणाचे वाटते त्याच्या हातून ती निसटते.

वनस्पतींच्या पोषणावरचे सत्रही याच तोडीचे आहे. झाड वाढते ते मातीतून आलेल्या द्रव्यामुळे, असे मुलांप्रमाणेच कित्येक पदवीधरांनाही वाटते. सतराव्या शतकात रसायनशास्त्रज्ञ यान बाप्टिस्टा व्हान हेल्माँट यांनी सुमारे ९० किलो मातीत विलोचे रोप लावून ५ वर्षे वाढवले, तेव्हा झाडाच्या वजनात कितीतरी किलोंची भर पडली. मातीचे वजन मात्र जेमतेम ५०-६० ग्रॅमने घटले. यावरून झाड केवळ पाण्यापासून बनते असा निष्कर्ष त्यांनी काढला. मातीविषयीचा समज त्यांनी खोडून काढला आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडचा वाटा त्यांच्याही नजरेतून सुटला, हे दोन्ही वर्गात सांगण्यासारखे आहे. विज्ञानाचा इतिहास अध्यापनात कसा वापरावा याचा हा नमुना मला फार आवडला.

सराव पाठांची रचना सूक्ष्म अध्यापनाच्या धर्तीवर आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झालेल्या या पद्धतीत काही मिनिटांचा पाठ, मोजके विद्यार्थी आणि एकच अध्यापन कौशल्य घेऊन तो चित्रित करतात, पाहतात आणि सुधारून पुन्हा घेतात. येथे प्रश्न विचारल्यानंतर किती वेळ थांबलो, हे प्रत्येकाने आपल्या चित्रफितीवरून घड्याळ लावून मोजायचे असते. विज्ञान-शिक्षणाच्या अमेरिकी अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले होते की शिक्षक सरासरी सुमारे १ सेकंदच थांबतात आणि तो अवकाश ३ सेकंदांपर्यंत वाढवला की मुलांची उत्तरे लांबतात, गप्प राहणारीही बोलू लागतात. ३ सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण सबंध वर्ग आपल्याकडे पाहत असताना ते सोसणे किती अवघड आहे, याची कल्पना बैठकांतून स्वतःच प्रश्न मांडून स्वतःच उत्तर देण्याची सवय जडलेल्या आमच्यासारख्यांना तोवर नव्हती.

येथपर्यंत प्रशंसा मनापासून आहे. वर्ग व्यवस्थापनाच्या विभागाबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. तो घाईने उरकलेला आणि सरकपट्ट्या (स्लाइड्स) वाचून दाखवण्यापुरता आहे. सरावासाठी सहाध्यायीच विद्यार्थी होतात आणि दंगा करण्याचा अभिनय करतात, जो पाहून खरी मुले हसतील. वर्गातली अडचण क्वचितच उघड दंग्याची असते. ती असते मागच्या बाकांवरच्या दबक्या कुजबुजीची, दुसऱ्याची वही उतरवून घेण्याची आणि प्रयोगाचे साहित्य वाटताना सुटणाऱ्या लगामाची. यावरचे उपयोगी मार्गदर्शन मला छात्रसेवाकालात शाळेतील एका ज्येष्ठ शिक्षिकांकडून मिळाले. "सर, साहित्य वाटण्यापूर्वी सूचना संपवा, एकदा ते हातात पडले की तुमचे कोणी ऐकणार नाही," हे त्यांचे एक वाक्य त्या सबंध विभागाला भारी होते.

पाठ टाचणाचा, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्याचा, नमुनाही अकारण लांबलचक आहे. बेंजामिन ब्लूम यांच्या शैक्षणिक उद्दिष्टांच्या १९५६ च्या वर्गीकरणातून आलेली क्रियापदे योग्य रकान्यांत बसवण्यात प्रशिक्षणार्थींची संध्याकाळ जाते, आणि निरीक्षकाला काय वाचायला आवडते हे कळल्यावर सारेच त्या बरहुकूम लिहू लागतात. त्या ज्येष्ठ शिक्षिकांचे टाचण अर्ध्या पानाचे असे: कोणता प्रश्न आधी, कोणता नंतर आणि मुले हमखास काय चुकीचे बोलतील.

सर्वांत खटकते ते हे की, क्षेत्र बदलून येणाऱ्यांपाशी जी खरी पुंजी असते तिच्यासाठी अवघे एकच सत्र ठेवले आहे, आणि त्यातही त्यांच्याकडून कारकिर्दीविषयी प्रेरणादायी भाषणे करवून घेतली जातात. मुलांना त्यांत फारसा रस नसतो. शालेय प्रयोगांत लंबकावरून गुरुत्वीय त्वरण काढायचे असते तेव्हा उत्तर ९.८ च्या आसपास यायला हवे हे मुलांना ठाऊक असते, म्हणून ती वाचनेच हळूच 'सुधारतात'. प्रयोगशाळेत काम केलेल्या माणसाला हे पाहवत नाही. वेडेवाकडे वाचन आहे तसे नोंदवणे, उपकरणाचे अंशांकन (ते अचूक मोजते का) तपासणे, मापनातील अनिश्चितता किती हे सांगणे, पुन्हा मोजणे या गोष्टी त्याच्या अंगवळणी पडलेल्या असतात आणि मुलांपर्यंत त्याने पोहोचवायला हव्यात त्या याच. यासाठी सराव पाठांचा एक स्वतंत्र गट सहज बांधता आला असता.

उत्पन्न कमी होण्याची शक्यता, वेतन ठरवताना जुना अनुभव धरला जाईलच असे नाही ही बाब, आणि काल तज्ज्ञ असलेल्या माणसाने आज वयाने लहान मार्गदर्शकाचे शेरे ऐकून घेण्यातला अवघडलेपणा, या विषयांवर अभ्यासक्रम जवळजवळ मौन पाळतो. शिक्षक म्हणून नेमणूक मिळण्यासाठी हे प्रमाणपत्र पुरेसे आहे की नाही, हेही प्रत्येकाने आपल्या ठिकाणचे नियम पाहून आधीच तपासावे.

एवढ्या त्रुटी असूनही पाचपैकी साडेतीन तारे देईन, आणि ते जवळजवळ सर्व आशययुक्त अध्यापनाच्या विभागासाठी. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात. प्रमाणपत्र मिळाल्यानंतर, म्हणजे नोकरीच्या पहिल्या वर्षी, मार्गदर्शन चालू राहते का? येथे ते नेमके तेव्हाच थांबते. आणि छात्रसेवाकालातील पाठांचे निरीक्षण आपल्याच विषयाची व्यक्ती करणार आहे का? माझ्या रसायनशास्त्राच्या बऱ्याच पाठांना भाषेच्या शिक्षिका निरीक्षक म्हणून आल्या. आवाज, फलकलेखन आणि वर्गातील वावर यांवर त्यांनी नेमके शेरे दिले, परंतु 'मोल' या रसायनशास्त्रातील एककाची संकल्पना कोणत्या क्रमाने मांडावी यावर त्यांना काही म्हणता येणे शक्यच नव्हते.